पेडल दगडासारखे, गाडी मात्र थांबेना

या सदरात आतापर्यंत पाण्याची मोटर, शिलाई मशीन, इन्व्हर्टर अशा घरच्या वस्तूंबद्दल लिहीत आलो. या वेळी गाडीबद्दल लिहितो, तेही जुन्या. बऱ्याच घरांत अब्बांची किंवा दादांची एखादी गाडी ताडपत्रीखाली उभी असते आणि घरातला एखादा मुलगा तिला पुन्हा चालती करण्याच्या नादी लागतो. नाद वाईट नाही. पण असा मुलगा आधी रंग करतो, मग सीटकव्हर, मग टेप, आणि ब्रेकची आठवण त्याला सर्वांत शेवटी येते. माझ्या भाच्याने हेच केले.

माझी धाकटी बहीण कराडला राहते. तिचे शौहर उमेदीच्या काळात मुंबईत टॅक्सी चालवत. गावी परतताना त्यांनी खासगी पासिंगची एक पांढरी प्रीमियर पद्मिनी घेतली. पन्नाशी ओलांडलेल्या वाचकांना ही गाडी सांगायला नको. इटलीच्या फियाट ११०० चे हे आपल्याकडचे रूप. १९६४ पासून ‘डिलाइट’ या नावाने ती कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होत होती, सत्तरच्या दशकात तिला पद्मिनी हे नाव मिळाले आणि काळी-पिवळी म्हणून ती मुंबईची ओळख झाली. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर २०२३ च्या ऑक्टोबरअखेर तीही रस्त्यावरून उतरली. मेहुण्यांचा इंतकाल झाल्यावर त्यांची गाडी नऊ वर्षे अंगणात जागची हलली नाही. भाचा कमावता झाला, तेव्हा त्याने ताडपत्री काढली.

दोन वर्षे तो पगारातून पैसे काढून गाडीवर खर्च करत होता. त्यामागे एक इच्छा होती. भाचीचा निकाह ठरला होता, सासर चिपळूणचे. रुखसतीला बहिणीला अब्बांच्या गाडीतून सोडायचे, असे त्याने मनाशी धरले होते. कराडहून चिपळूणला जायचे म्हणजे कोयना ओलांडून कुंभार्ली घाट उतरायचा. घाट ज्यांनी पाहिला आहे त्यांना पुढचे सांगायला नको.

निकाहाच्या पंधरा दिवस आधी बहिणीचा फोन आला. “भाई, गाडीचे ब्रेक नीट लागत नाहीत. मुलगा म्हणतो जुन्या गाडीचे असेच असते. तुम्ही एकदा येऊन बघा.”

भाच्याचे म्हणणे अगदी चूक नव्हते, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. आजच्या गाड्यांत पायाला मदत करणारा बूस्टर असतो. इंजिनाच्या ओढीवर तो चालतो आणि बोटभर दाबले तरी गाडी थांबते. भाच्याच्या पद्मिनीला बूस्टर नाही आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. इथे जोर लावायचा तो पायानेच. नव्या गाडीची सवय असलेल्या मुलाला असे ब्रेक कमजोर वाटणारच. पण कोरड्या, सपाट जमिनीवर पाय दाबून धरला तर ही गाडीदेखील सरळ रेषेत आणि ठामपणे थांबायला हवी. तशी थांबत नसेल तर दोष गाडीच्या वयाचा नाही, दुरुस्तीचा आहे. तुमच्या जुन्या गाडीला बूस्टर असेल तर त्याची परीक्षा सोपी आहे. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, ते कडक होईल. पाय तसाच दाबून ठेवून इंजिन सुरू करा. पेडल थोडे खाली गेले तर बूस्टर काम करतो आहे. हलले नाही तर दोष बूस्टरमध्ये किंवा त्याच्या नळीत शोधा.

मी कराडला पोहोचलो तोवर गाडी तीन मेकॅनिकांच्या हातून गेली होती. प्रत्येकाने हवा काढली, प्रत्येकाने शू आवळले, एकाने शू बदलले, दुसऱ्याने तेच पुन्हा बदलले. पैसे घेतले आणि “आता ठीक आहे” म्हणून चावी परत दिली. मी एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये हयात घालवली. तिथे एअर ब्रेक, काम वेगळे, पण एक सवय लागली ती सगळीकडे चालते. पार्ट बदलण्याआधी गाडीला बोलू द्यायचे. ब्रेकच्या बाबतीत गाडी पेडलमधून बोलते.

पेडल स्पंजासारखे मऊ लागत असेल तर तेलात हवा आहे किंवा रबरी होज पाइप दाबाने फुगत आहे. पेडल खोल जाते, पण दोन-तीनदा मारले की वर येते, तर शू आणि ड्रम यांत अंतर जास्त पडले आहे, ॲडजस्ट करायला हवे. पाय एकसारखा दाबून ठेवला आणि पेडल हळूहळू खाली बसत गेले तर कुठेतरी गळती आहे. चारही चाकांच्या आत आणि नळ्यांच्या जोडांवर ओल शोधा. बाहेर ओल कुठेच नसेल तर मास्टर सिलिंडरच्या आतली बकेट, म्हणजे ती रबरी वाटी, थकली आहे आणि तेल आतल्या आत मागे सरकते आहे. हा शेवटचा प्रकार फार फसवा असतो. झटकन दाबले तर ब्रेक चांगला लागतो, सिग्नलला पाय ठेवून उभे राहिले की पेडल खाली जाते.

भाच्याच्या गाडीचे पेडल यातले काहीच करत नव्हते. ते उंच होते आणि दगडासारखे कडक. तीन मेकॅनिक याच पेडलवर समाधान मानून गेले असावेत, कारण कडक पेडल चांगले अशी आपल्याकडे समजूत आहे. कडक पेडलचा अर्थ एवढाच की तेल दाबले जात आहे आणि त्याला पुढे जायला जागा नाही. ते शूपर्यंत पोहोचले म्हणून थांबले, की वाटेतच अडले, हे पेडल सांगत नाही. पेडल कडक असून गाडी थांबत नसेल तर बिघाड चाकांपाशी शोधावा. शूवर तेल आले असेल, लायनर काचेसारखे गुळगुळीत झाले असेल, चाकाच्या सिलिंडरमधला पिस्टन गंजून बसला असेल किंवा होज पाइप आतून बंद झाला असेल.

कोणत्या चाकापाशी, ते मात्र माझ्या बहिणीने सांगितले. भाच्याने घरामागच्या गुऱ्हाळाच्या मोकळ्या पटांगणात गाडी फिरवून दाखवली होती आणि ती शेजारी बसली होती. ती म्हणाली, “ब्रेक मारला की आरशाची तसबीह सरळ पुढे जात नाही, डावीकडे जाते.” तिला गाडीतले काही कळत नाही असे ती स्वतःच म्हणते, पण हे तीन मेकॅनिकांना दिसले नव्हते. तसबीह डावीकडे झुकते म्हणजे गाडी उजवीकडे ओढते. गाडी उजवीकडे ओढते म्हणजे उजवे पुढचे चाक धरते आणि डावे धरत नाही.

आम्ही गाडी सपाट जागी घेतली. मागच्या चाकांना पुढून-मागून दगड लावले, पुढची बाजू जॅकने उचलली आणि खाली लोखंडी स्टँड लावले. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हातसुद्धा घालू नका, जॅक फक्त उचलण्यासाठी असतो. मग भाच्याला पेडल दाबायला सांगितले आणि मी चाके हाताने फिरवली. उजवे घट्ट धरले गेले. डावे आरामात फिरत राहिले. पेडल दगडासारखे, आणि चाक फिरते आहे. भाचा खाली उतरून स्वतःच्या हाताने चाक फिरवून पाहू लागला. दोनदा फिरवले, काही बोलला नाही.

आता शोध एकाच चाकाचा. हवा काढण्याच्या निपलला पाना लावला तर तो गंजून जाम. गंज जुना होता, कोपरे मात्र ताजे झिजलेले. त्यावरून उघड होते की तिघांनी निपल उघडायचा प्रयत्न केला, जमले नाही आणि हे चाक सोडून उरलेल्या तीन चाकांची हवा काढून मोकळे झाले. मला त्यांच्या निपल न निघण्याचा राग नाही, गंज कुणालाही हरवतो. न सांगण्याचा राग आहे. असा निपल निघत नसेल तर गंज सोडवणारे तेल मारून दोन दिवस थांबावे, हलके ठोकत राहावे आणि फिक्स पान्याऐवजी सहा बाजू धरणारा रिंग पाना किंवा सॉकेट लावावा. तुटला तर सिलिंडर बदलावा लागतो, तोही परवडला.

निपल दुसऱ्या दिवशी असरनंतर सुटला. पेडल दाबले तर तेलाचा एक थेंब येऊन थांबला. होज पाइप चाकाकडून सोडवला, तरी तेच. मास्टरकडून येणारी लोखंडी नळी सोडवली तेव्हा तेलाची धार आली. म्हणजे दोष त्या वीतभर रबरी होज पाइपमध्ये. बाहेरून तो नव्यासारखा होता, भाच्याने काळे पॉलिशसुद्धा मारले होते. मी कापून दाखवला. आतले रबर फुगून वाट जवळजवळ मिटली होती. असे पाइप कधीकधी उलटाही त्रास देतात. जोराने तेल पुढे जाते, पण परत येत नाही, मग ब्रेक सुटत नाही आणि चाक तापते. ज्या गाडीच्या होज पाइपचे वय माहीत नाही तिचे सगळे रबरी पाइप आधी बदलावेत, तपासत बसू नये. ब्रेकच्या कामात हे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित.

इथे एक गोष्ट थांबून सांगतो. आपण ज्याला ब्रेक ऑइल म्हणतो ते ऑइल नाही. हे नाव ज्याने रूढ केले त्याने बरेच नुकसान केले. ते एक रसायन आहे, पाण्यात विरघळते आणि हवेतली ओल शोषते. इंजिन ऑइल किंवा दुसरे कोणतेही तेल त्यात पडले तर प्रत्येक रबरी वाटी आणि पाइप फुगून खराब होतो. सिलिंडरची रबरे पेट्रोलने किंवा रॉकेलने धुण्याची पद्धतही याच कारणाने चुकीची आहे. ती ब्रेक ऑइलनेच धुवावीत. डब्यावर डॉट ३ किंवा डॉट ४ लिहिलेले असते. ताजे डॉट ३ किमान २०५ अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही. ओल शोषल्यावर हीच मर्यादा १४० पर्यंत उतरते. घाटात ड्रम तापतात, ओलसर तेल उकळते, त्याची वाफ होते आणि वाफ दाबली जाते. अंगणात उत्तम लागणारा ब्रेक अर्ध्या घाटात नाहीसा होतो तो असा. म्हणून दर दोन वर्षांनी सगळे तेल बदलायचे, उघडा पडलेला डबा वापरायचा नाही. आणि रंगावर सांडले तर लगेच पाण्याने धुवायचे, नाहीतर रंग उठतो. भाच्याच्या नव्या मडगार्डावर हा धडा कायमचा उमटला आहे.

डावे पुढचे चाक सापडले, तेव्हा भाचा खूश झाला. “मामू, पाइप बदलला की झाले ना?” मी म्हटले, एक चाक खोटे बोलत होते, बाकीची तीन खरे बोलतात हे कुणी सांगितले?

मागचा उजवा ड्रम काढला तर नवा शू ओला. ही ओल ब्रेकची की ॲक्सलची, हे ठरवल्याशिवाय पुढे जाता येत नाही. बहिणीकडून एक निकामी वाटी मागून घेतली, पाणी भरले आणि बोटावरचा थेंब त्यात सोडला. ब्रेक ऑइल असते तर पाण्यात मिसळून गेले असते. हे वर तरंगले, आणि वास गिअर ऑइलचा. म्हणजे चाकाचा सिलिंडर निर्दोष, ॲक्सलचे ऑइल सील गेलेले. सील तसेच ठेवून शू कितीही वेळा बदलले तरी महिनाभरात पुन्हा भिजणार. तेल प्यायलेले लायनर पेट्रोलने पुसून किंवा जाळून वापरणारे कारागीर आहेत. ड्रम तापला की मुरलेले तेल वर येते, त्यामुळे असे शू फेकूनच द्यावेत. ड्रममधली काळी धूळ हवा मारून उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. जुन्या लायनरमध्ये ॲसबेस्टॉस असायचे, ती धूळ फुप्फुसात गेली की बाहेर येत नाही. अंगणात मुले खेळत असतात, हे लक्षात ठेवा.

तिसरी गोष्ट खडूने सापडली. पुढच्या उजव्या ड्रमला आतून शाळेचा खडू फासला, ड्रम बसवला, हलका ब्रेक लावून चाक फिरवले आणि ड्रम पुन्हा काढला. खडू लायनरच्या फक्त मधल्या चार बोटांवर उमटला होता. दोन्ही टोके कोरी. चारही चाकांचे थोड्याफार फरकाने तसेच. मेहुण्यांच्या काळात ड्रम लेथवर घासून घेतले होते, त्यामुळे त्यांचा घेर वाढला होता. नवे शू मूळ घेराचे. मोठ्या परातीत लहान वाटी टेकवावी तसा प्रकार, कड एकाच ठिकाणी लागते. पूर्वी गॅरेजमध्ये जाड लायनर रिव्हेट करून ड्रमच्या घेराप्रमाणे घासून देत. आता तसे करणारा शोधावा लागतो. ड्रम खूपच पातळ झाले असतील तर तेही करू नये. भाच्याचे दोन ड्रम आतून इतके घासलेले होते की मी ते बाजूला ठेवायला सांगितले.

तोवर निकाह सहा दिवसांवर आला होता. ड्रम कुर्ल्याच्या जुन्या स्पेअर पार्टच्या बाजारातून येणार होते, त्याला आठवडा लागणार होता. नोंदणीचे नूतनीकरणही बाकी होते. पंधरा वर्षांनंतर ते दर पाच वर्षांनी करावे लागते आणि त्यासाठी गाडी तपासणीला न्यावी लागते.

भाचा म्हणाला, “पाइप बदलू, सील बदलू, आणि हळू जाऊ. अल्लाह मालिक आहे.”

अल्लाह मालिक आहेच. पण होज पाइप पाहण्याचे काम आपल्यावर सोपवलेले आहे. उंट बांधून मग तवक्कुल करायची, हे आपण मक्तबात शिकलो ते काही फक्त उंटांसाठी नव्हते. मी त्याला एवढेच विचारले की मागच्या सीटवर तुझी बहीण आणि नानी बसतील, त्यांनी ब्रेक पाहिला आहे का? त्या पाहणार नाहीत. तू चालवतो आहेस म्हणून बसतील. त्यांचा जीव ही तुझ्याकडची अमानत आहे. तो उठून आत गेला आणि त्या रात्री माझ्याशी बोलला नाही. भाचीची रुखसती भाड्याच्या गाडीतून झाली. पद्मिनी अंगणात स्टँडवर, चाके काढलेली, आणि पाहुणे विचारत होते की एवढी चमकवलेली गाडी अशी का ठेवली. भाच्याला ते फार लागले. मलाही चांगले वाटले नाही, पण त्या दिवशी कुणी पुन्हा विचारले असते तरी मी तेच सांगितले असते.

ड्रम आले. सगळे होज पाइप, सील, शू, सिलिंडरच्या वाट्या नव्या बसल्या. मास्टर सिलिंडरच्या दांड्याला थोडे ढिले अंतर ठेवले. हे अंतर मुद्दाम सांगतो, कारण पेडल उंच यावे म्हणून काहीजण तो दांडा ताणून बसवतात. मग तेलाला टाकीत परतायचे छिद्र बंद राहते, शू घासत राहतात, तेल तापून फुगते आणि काही किलोमीटरवर ब्रेक आपोआप आवळतात. हवा काढताना मास्टरपासून सर्वांत दूरचे चाक आधी घेतले, मग क्रमाने जवळचे. टाकी मध्येच रिकामी होऊ दिली नाही. शेवटी पेडल पूर्ण जोराने मिनिटभर दाबून धरले आणि प्रत्येक जोड टॉर्चने पाहिला. या गाडीला तेलाची एकच लाइन आहे, एका ठिकाणी गळाले तर चारही चाकांचा ब्रेक जातो. म्हणून हँडब्रेक आधी दुरुस्त केला होता, त्याचा मार्ग वेगळा असतो. मग पटांगणात चालण्याच्या वेगापासून चाचणी घेतली. नवे लायनर बसायला वेळ लागतो, तेव्हा चाळीसच्या वेगातून हलके ब्रेक मारत, मध्ये थंड होऊ देत, पंचवीस-तीस वेळा गाडी थांबवली. खडू पुन्हा लावून पाहिला तर आता तो जवळजवळ पूर्ण लायनरवर उमटला.

तपासणी झाली, कागद झाले. ईदच्या दोन दिवस आधी भाचीला माहेरी आणायला आम्ही कराडहून निघालो. भाचा गाडी चालवत होता, बहीण मागे, मी शेजारी. कोयनानगर सोडल्यावर मी त्याला एकच सांगितले की ज्या गिअरमध्ये हा घाट चढावा लागेल त्याच गिअरमध्ये उतरायचा. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करून उतरण्याची टॅक्सीवाल्यांची जुनी खोड त्याच्या अब्बांनाही होती, हे बहिणीने मागून सांगितले. तो तिसऱ्या गिअरमध्ये उतरला, वळणांवर दुसरा. ब्रेकवर पाय ठेवून बसला नाही, लागेल तेव्हा दाबला आणि सोडला.

पायथ्याला पोफळीजवळ गाडी बाजूला घेतली. घाट उतरल्यावर चारही चाके तपासायची असतात. हात ड्रमला लावायचा नाही, भाजेल, जवळ धरायचा. जे चाक थंड ते काम करत नाही, जे फारच तापलेले ते सुटत नाही. भाचा एकेका चाकापाशी बसून हात धरत गेला. मागची दोन्ही सारखी. पुढचे उजवे त्यांच्यापेक्षा जास्त गरम, पुढच्या चाकांवर भार जास्त येतो म्हणून तसे असतेच. डावे पुढचे त्याने शेवटी ठेवले होते. बराच वेळ हात धरून बसला, मग उजव्यापाशी जाऊन आला, पुन्हा डाव्यापाशी बसला.

“सारखेच आहे मामू,” म्हणाला. बहिणीने खिडकीतून पाण्याची बाटली दिली. ड्रम थोडे निवू दिले आणि मग चिपळूणकडे निघालो.